सातव्या दिवशी थांबलेली पेशी

अमरावतीच्या त्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या इमारतीमागे एक खोली होती. तिला सगळे बॅटरी खोली म्हणत. पूर्वी तिथे शिशाच्या बॅटऱ्या ठेवायचे. त्यांचं आम्ल सांडून सांडून फरशीला खड्डे पडले होते आणि भिंतीला टेकून उभं राहिलं की दोन दिवसांनी सदऱ्याला भोक पडायचं. पुढे बॅटऱ्या नव्या इमारतीत गेल्या. मग या खोलीत काय ठेवावं ते कोणाला सुचेना. १९६२ साली तिथे श्रावण पुंजाजी तेलगोटेला ठेवलं.

ठेवलं हाच शब्द बरोबर आहे. दिल्लीहून एक योजना निघाली होती. पस्तिशीच्या आतल्या माणसाने स्वतःचा छोटा संशोधन गट उभा करायचा, तीन वर्षं चालवायचा, समिती येऊन पाहणार, काम पटलं तर आणखी पाच वर्षं. श्रावण तेव्हा बत्तीस वर्षांचा, पदाने डेमॉन्स्ट्रेटर, म्हणजे पोरांना प्रयोगाच्या तारा जोडून देणारा. अर्जावर विभागप्रमुखांची सही लागत होती. विभागप्रमुख डॉ. किसनराव धांडे, विलायतेची डॉक्टरेट, घरी दोनशे एकर काळी जमीन. त्यांनी हसत सही केली. दिल्लीवाले हा अर्ज फेकून देतील, मग आपण कशाला वाईट व्हायचं, हा त्यांचा हिशेब. अर्ज मंजूर होऊन आला तेव्हा त्यांच्या शिपायाने बाहेर येऊन सांगितलं की साहेबांनी आज डबा उघडलाच नाही.

आता मंजूर झालेल्या माणसाला हाकलता येत नाही. पण कुठे बसवायचं ते आपल्या हातात असतं. म्हणून बॅटरी खोली.

श्रावणला ती खोली महालासारखी वाटली, असं कोणी सांगेल तर खोटं आहे. त्याला अपमान कळत होता. अपमान कळण्यात त्याची बुद्धी बालपणापासून तेज होती. अकोल्याच्या एका जिनात त्याचा बाप, पुंजाजी, सरकीपासून रुई वेगळी करणाऱ्या यंत्रापाशी बावीस वर्षं उभा होता. घरी आला की भुवया पांढऱ्या, नाकातून पांढरं, खोकला की पांढरं. व्यापारी आले की बोटांत रुई ओढून धाग्याची लांबी सांगायचे आणि पुंजाजीला म्हणायचे, अरे, दूर उभा राय. पुंजाजी दूर उभा राहायचा आणि लांबून पाहून त्यांच्याआधी लांबी सांगायचा. ती बरोबर निघायची. त्याबद्दल त्याला कधी शाबासकी मिळाली नाही, दोन वेळा शिव्या मात्र मिळाल्या.

नागपूरला शिकताना श्रावणने पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली कापसाचा एक तंतू पाहिला. मास्तर सहज बोलून गेले की हा तंतू म्हणजे एकच पेशी आहे. सरकीच्या सालीवरची एक पेशी, फूल उमललं त्या दिवसापासून लांब लांब होत जाते आणि बोंड फुटलं की मरून वाळते. श्रावण तासभर तिथून उठेना. आपला बाप रोज छातीत भरून घरी आणतो तो कचरा म्हणजे पेशी. एकेक जीव, इंच इंच लांब. कशाच्या जोरावर वाढते ही? आतून कोण ढकलतं? मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, तू भौतिकीचा, हे वनस्पतीवाल्यांना विचार. वनस्पतीवाले म्हणाले, जोर आणि दाब, हे भौतिकीवाल्यांना विचार. छप्पन साली त्याच नागपुरात लाखो लोकांबरोबर त्याने जुने देव सोडले. हा प्रश्न मात्र त्याला सोडेना.

बॅटरी खोलीत त्याने तोच मांडला. पेशी म्हणजे पाण्याने फुगलेली पिशवी. साध्या पाण्यात ती ताठ राहते, साखरेच्या घट्ट पाण्यात टाकली की आतलं पाणी बाहेर जातं, पिशवी आकसते आणि बाहेरच्या भिंतीपासून सुटते. किती गोड पाण्यात ती नेमकी सुटायला लागते, ते पाहिलं की आतला दाब काढता येतो. यंत्र काही नको. सूक्ष्मदर्शक, थर्मामीटर, साखर आणि डोळा. साखर तेव्हा रेशनवर. बॅटरी खोलीतली साखर चहात जाते, असं स्टाफरूममध्ये बोललं जाई. मग श्रावणने तीन वर्षं कॉलेजात चहाच प्यायला नाही. घरी मात्र गुळाचा घ्यायचा, मोठा पेलाभर.

गट म्हणजे तीन माणसं. श्रावण म्होरक्या. धर्मपाल, पातूरचा, बीएस्सी झालेला, हाताने काहीही दुरुस्त करणारा आणि तोंडाने काहीही बिघडवणारा. आणि ललिता सरोदे, कोर्टातल्या कारकुनाची मुलगी, एमएस्सीला पहिली आलेली, या कामावर प्रबंध लिहिणारी. मुलगी त्या खोलीत काम करते म्हणून तिच्या बापाला दोन निनावी पत्रं आली. बापाने ती पत्रं तिलाच वाचायला दिली. तिने अक्षर ओळखलं, भौतिकीच्याच एका लेक्चररचं. दुसऱ्या दिवशी तिने त्या लेक्चररला सगळ्यांसमोर विचारलं, सर, तुम्ही ‘चारित्र्या’तला रि दीर्घ का लिहिता?

गट चालवायचा म्हणजे काय, हे श्रावणला कोणी शिकवलं नव्हतं. तो ओरडायचा. थर्मामीटर पाहायला अर्धा मिनिट उशीर झाला की ओरडायचा, काचेवर बोटाचा ठसा दिसला की ओरडायचा. पण काम झालं की वहीत तिघांची नावं सारख्या अक्षरात लिहायचा, आणि चूक झाली तर त्यापुढे नाव लिहायचा फक्त स्वतःचं. धर्मपाल म्हणायचा, दादाच्या शिव्या फुकट हायेत, पण चूक त्याच्या एकट्याच्या मालकीची हाये.

खरी अडचण बोंडांची होती. फूल कोणत्या दिवशी उमललं ते ठाऊक पाहिजे, तर पेशीचं वय कळणार. कॉलेजच्या कुंपणात त्यांनी चाळीस झाडं लावली. ललिता रोज सकाळी फुलांना धागा बांधायची. पण चाळीसांतली निम्मी बकऱ्यांनी खाल्ली, आणि ज्याच्या बकऱ्या त्याला कॉलेजात कोणी काही म्हणेना. उरलेल्या झाडांवर पहिल्या सात दिवसांपुरती बोंडं निघायची. पुढच्या वयाची आणायची कुठून? श्रावणची मावशी मनकर्णा तिवश्याजवळ खुशालराव नावाच्या शेतकऱ्याच्या शेतात कामाला होती. खुशालराव म्हणाला, बांधा बापू धागे, माझ्या कापसाला काय टोचून नाई राहिले. मग मनकर्णा रोज सकाळी फुलांना त्या त्या दिवसाच्या रंगाचे धागे बांधायची आणि आठव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंतची बोंडं ओल्या फडक्यात, पळसाच्या पानाच्या वेगवेगळ्या पुड्यांत बांधून मोटरने अमरावतीला पाठवायची. धागे सोडून ठेवायची, पुन्हा वापरायला. काटकसर तिच्या हाडात होती.

डॉ. धांडे म्हणाले, घरचीच माणसं कामाला लावलीत, छान.

चौसष्ट सालच्या दिवाळीआधी आलेख पुरा झाला आणि तिघेही त्याच्याकडे पाहत बसले. दाब पहिल्या दिवसापासून रोज थोडा थोडा चढत होता. सातव्या दिवशी थांबला. आठव्या दिवशी तिथल्या तिथे. नवव्या दिवसापासून पुन्हा चढू लागला. जणू पेशी एक दिवस दम घेते आणि मग उठते. असं आजवर कोणी लिहिलेलं नव्हतं. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. शंभर बोंडं झाली, दोनशे झाली. सातव्या दिवशी पेशी थांबायचीच.

तोवर बॅटरी खोलीची पायरी न चढलेले डॉ. धांडे त्या दिवशी आत आले. भिंतीला टेकू नका, असं धर्मपालने त्यांना सांगितलं नाही. आलेखावरून बोट फिरवत ते म्हणाले, हे छापायला पाहिजे, विभागाच्या नावाने. कलकत्त्याच्या एका विज्ञान मासिकात छापून आलं तेव्हा पहिलं नाव धांडे, दुसरं तेलगोटे, तिसरं सरोदे. धर्मपालचं नावच नाही, तळटीपेत आभार. श्रावण भांडायला गेला. धांडे म्हणाले, प्रमुखाचं नाव पहिलं असतं, पद्धत आहे. गट माझ्या नावाने मंजूर आहे, असं श्रावण म्हणाला. खोली माझ्या विभागाची आहे, असं धांडे म्हणाले. त्यानंतर नागपूरला एका सभेत त्यांनी या गोष्टीला स्वतःचं नाव देऊन टाकलं. पोरं त्याला धांडे थांबा म्हणू लागली. मोटारीला तिवश्याचा थांबा, पेशीला धांड्यांचा.

पासष्टच्या नोव्हेंबरात समिती येणार होती. पाच वर्षांची मुदत मिळणार की खोलीला कुलूप लागणार, हे त्या एका दिवसावर. आणि दाखवायला होतं काय? तो थांबा. ललिताचा प्रबंध त्याच्यावर, धर्मपालची नोकरी त्याच्यावर, आणि या कॉलेजात आपल्यातला एक माणूस दुसऱ्याच्या तारा न जोडता स्वतःचं काही मांडून बसला आहे, हेही त्याच्यावर.

समितीला चौदा दिवस राहिले असताना श्रावण बोंडांचं सांगायला तिवश्याला गेला. तो शुक्रवार होता. मनकर्णा शेतात नव्हती, घरी होती. तिची लेक बाळंत झाली होती, सोमवारी. सटवाईची पूजा त्या घराने छप्पन सालीच सोडली, पण बाळंतिणीचं पाचव्या दिवसाचं न्हाणं सोडलं नव्हतं. अंगणात पाणी तापत होतं.

श्रावण सहज म्हणाला, मावशे, घाई केली. सोमवारची पोर, आज शुक्रवार, चारच दिवस झाले. उद्या पाचवा.

मनकर्णाने चुलीत काडी सारली आणि त्याच्याकडे पाहिलंही नाही. “म्हंजे सोमवार काय फुकट गेला? त्या दिवशी पोरगी नोती का? सोमवार धरून पाचवा होते लेका. इतला शिकला अन्‌ बोटं मोजता येत नाई.”

श्रावण हसला. मग हसू तोंडावरच राहिलं. तो खाली बसला, अंगणातल्या ओल्या मातीतच.

“मावशे, बोंडाचे दिवस कसे मोजते तू?”

“तसेच. धागा बांधला तो पयला.”

कॉलेजात ललिता फूल उमललं तो दिवस शून्य धरत होती. श्रावणनेच शिकवलं होतं, वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच अक्षरात होतं. म्हणजे कॉलेजच्या कुंपणातलं सात दिवसांचं बोंड आणि मनकर्णाचं आठव्या दिवसाचं बोंड, दोन्ही एकाच वयाची. एकच पेशी दोनदा मोजली आणि म्हणाले, बघा, थांबली. ती थांबत नव्हती. दोन मोजण्यांच्या सांध्यावर एक दिवस दुहेरी पडला होता, आणि या दुहेरी दिवसाला विलायती डॉक्टरांनी स्वतःचं नाव दिलं होतं. दहावा, तेरावा, पाचवी, सगळं तो याच मोजणीत वाढला होता. त्याच्याच घराची मोजणी. आणि एकदाही, दोन वर्षांत एकदाही, त्याने मावशीला विचारलं नव्हतं की कसं मोजतेस.

मनकर्णाने विचारलं, काहून रे, मी काई चुकली का? तो म्हणाला, तू नाई चुकली. आणि न्हाणं व्हायच्या आत निघून गेला. त्याचं तिला वर्षभर वाईट वाटत राहिलं.

पुढचे आठ दिवस तो मावशीकडून सगळ्या वयांची बोंडं धाग्यासकट मागवत होता आणि एकटाच मोजत होता. सगळ्यांचं वय एकाच पद्धतीने धरलं. रेघ सरळ वर गेली. सातव्या दिवशी थांबली नाही, आठव्या दिवशी थांबली नाही, कुठेच थांबली नाही. कापसाची पेशी आळशी नव्हती, ती रोज वाढत होती, रविवारीसुद्धा.

मग त्याने धर्मपाल आणि ललिताला बसवून सांगितलं. ललिताने वही उघडून पहिलं पान वाचलं, पुन्हा वाचलं, आणि घरी गेली. धर्मपाल मात्र तापला. त्याचं म्हणणं साधं होतं. चूक आहे तर आहे. मुदत मिळू दे, मग सहा महिन्यांनी आपणच छापू की थांबा नाही. आज सांगितलं तर खोली जाते. उभ्या कॉलेजात आपल्या लोकांची एक खोली आहे, तीही आम्लाने खाल्लेली, ती तू आपल्या हाताने देणार का?

श्रावण म्हणाला, खोटं सांगून राखलेली खोली आपली नसते. धर्मपाल म्हणाला, दादा, हे वाक्य भाषणात चांगलं हाये. त्यावर श्रावणने त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. धर्मपालनेही परत सुनावलं. दोघं दोन दिवस एकमेकांशी थर्मामीटरच्या आकड्यांपलीकडे बोलले नाहीत.

समितीच्या दोन दिवस आधी श्रावण आलेख घेऊन डॉ. धांड्यांकडे गेला. त्यांचं नाव पहिलं होतं. त्यांना आधी सांगायला पाहिजे, एवढी सभ्यता त्याच्यात होती, जरी लोक काही म्हणत असले तरी. धांड्यांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले. माणूस मूर्ख नव्हता, एका मिनिटात समजला. त्यांनी दार लावून घेतलं आणि फार गोड बोलले. समिती शुक्रवारी येते, हे शनिवारी सांगा. शास्त्र तुमच्या-माझ्यापेक्षा मोठं आहे तेलगोटे, ते आपल्या चुका आपण दुरुस्त करून घेतं, त्याला तुमची घाई लागत नाही. मुदत मिळेल. लेक्चररची जागा निघते आहे, मी शब्द टाकीन. सरोदेबाईंचा प्रबंध जाऊ द्या पुढे, परीक्षक माझे आहेत.

श्रावण म्हणाला, नाही.

तेव्हा गोडवा संपला. धांडे म्हणाले, “मग ऐका. शुक्रवारी तुम्ही उभे राहिलात तर मला काही बोलावंच लागणार नाही. ही माणसं पुढे आणली तर काय होतं, हे मी सांगत होतो, लोकांना ते पटत नव्हतं. तुम्ही स्वतःच सांगाल की यांना दिवससुद्धा मोजता येत नाहीत.”

हे बरोबर जागी लागलं. लागावं म्हणूनच मारलं होतं. श्रावण कॉलेजातून निघाला तो राजापेठेपर्यंत चालत गेला, तिथून बडनेऱ्याच्या रस्त्याने निघाला, आणि मधेच कुठेतरी सायकल कॉलेजातच राहिल्याचं लक्षात आलं. धर्मपाल म्हणत होता तेच शत्रू म्हणत होता. गप्प राहिलं तर खोली राहते, लोक राहतात. बोललं तर आपल्याच लोकांच्या तोंडाला काळं. आणि तरी त्याला एक गोष्ट गिळता येत नव्हती. गप्प राहिला तर जन्मभर तो त्या धांड्यांच्या चुकीवर पोट भरणार. बापाने दूर उभं राहून का होईना, लांबी बरोबर सांगितली होती.

शुक्रवारी समिती आली. तिघे जण. त्यांत एक म्हातारे बंगाली प्राध्यापक, धोतर नेसलेले, कानाने थोडे कमी. डॉ. धांड्यांनी अर्धा तास थांबा समजावून सांगितला. मनाशी त्यांनी निकाल लावून टाकला होता. याला बोलायची हिंमत व्हायची नाही, हे धरून ते चालले होते. बोलणं संपलं तसा श्रावण उठला आणि दुसरा आलेख फळ्यावर लावला. हे चूक आहे, म्हणाला. दोन मोजण्या मिसळल्या, ते लक्षात घेणं माझं काम होतं, मी घेतलं नाही. पेशी थांबत नाही.

म्हाताऱ्यांनी विचारलं, तुम्हाला हे कधी कळलं? श्रावणने सांगितलं, दोन आठवड्यांपूर्वी. मग दोन आठवडे काय करत होता? मोजत होतो. म्हाताऱ्यांनी मान हलवली. खरं सांगायचं तर तिथवर डाव हातात होता. म्हातारा माणूस आलेखाजवळ जाऊन चष्मा वर करून पाहत होता आणि शेजाऱ्याला म्हणत होता की सरळ रेघ आहे, पण स्वच्छ आहे. तसं चालत राहिलं असतं तर खोली राहिली असती. खोलीत असलेल्या सगळ्यांनी पुढे हेच सांगितलं, आणि श्रावणनेही कधी नाकारलं नाही.

पण मग डॉ. धांडे उठले. म्हणाले, मला आधीपासून शंका होती, मी यांना पडताळायला सांगितलं होतं. आणि सर, मोजणारी कोण होती तेही विचारा. यांची सख्खी मावशी. अंगठाछाप.

श्रावणला इंग्रजी उत्तम येत होतं. त्या क्षणी ते सगळं गेलं. तो वऱ्हाडीत बोलला, खणखणीत, आणि समितीतल्या कोणाला भाषा कळली नाही तरी अर्थ कळला.

“मावशी बराबर मोजत होती. तिले इचारलं नाई ते माही चूक. पन मोजता त्याले येत नाई, जो शेतात पाय न ठेवता पयला नंबर घेते. दोनशे एकराचा धनी, अन्‌ बोंड कोनत्या दिवशी फुटते ते ठाऊक नाई याले. चोर म्हनतात याले आमच्या गावात. अन्‌ चोरलं तेही खोटं निंगालं.”

पुढे आणखी बोलला. टेबलावर हात आपटला, साखरेच्या पाण्याची बरणी पडली, धांड्यांच्या विलायती बुटांवर चिकट ओघळ आला. ललिता उठून बाहेर गेली. म्हातारे बंगाली गृहस्थ आलेखापासून मागे सरकले आणि खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा बंद झाला.

महिन्याभराने कागद आला. चूक प्रामाणिकपणे कबूल केली, हे नोंदवण्यासारखं आहे. तथापि गटप्रमुखाच्या ठिकाणी गट चालवण्यास लागणारा संयम दिसत नाही. मुदत वाढवण्याची शिफारस नाही. काम विभागप्रमुखांच्या देखरेखीखाली चालू ठेवता येईल. म्हणजे चूक श्रावणची, चोरीचं नाव कुठेच नाही, आणि खोली धांड्यांना. संयम! ज्याच्या नाकाशी कोणी कधी बोट नेलं नाही त्याचा संयम कायम उत्तमच असतो.

ललिता शेवटच्या दिवशी आपल्या वह्या न्यायला आली. श्रावणला वाटलं ती म्हणेल, सर, तुम्ही बरोबर केलंत. ती म्हणाली, “तुम्ही खरं बोललात सर. पण माझ्या दोन वर्षांवर उभं राहून बोललात. आणि मग शिव्या देऊन ते खरंही घालवलंत. एक तरी गोष्ट माझ्यासाठी राखायची होती.” तिने नंतर नागपूरला जाऊन वेगळ्या विषयावर प्रबंध केला. मासिकाला पाठवायच्या दुरुस्तीच्या पत्रावर मात्र सही करून गेली. धांड्यांनी सही केली नाही. सगळ्यांच्या सह्या असल्याशिवाय छापता येत नाही, असं मासिकाने कळवलं. तो थांबा छापील कागदावर आजही थांबलेलाच असेल.

धर्मपाल मात्र गेला नाही. धांड्यांनी त्याला ठेवून घेतलं, सूक्ष्मदर्शक त्याच्याशिवाय कोणाला नीट लावता येत नव्हता. श्रावणला हे कळलं तेव्हा तो मोटर स्टँडवर होता, अकोल्याच्या गाडीत पेटी चढवत. धर्मपाल पोचवायला आला होता. श्रावण म्हणाला, विकला गेलास. धर्मपाल म्हणाला, “तुमी बोलून मोकळे झाले दादा. खोलीत कोनी तरी रायला पायजे का नाई?” गाडी निघाली तरी श्रावण खिडकीतून दुसरीकडे पाहत होता.

अकोल्याला त्याला एका शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा मिळाली. नववी-दहावीचे वर्ग, एक कपाट, कपाटात तीन परीक्षानळ्या आणि एक उंदीर. तो तिथेही ओरडायचा. शाळेचे मुख्याध्यापक त्याला वचकून असत आणि मुलं त्याच्या तासाला गडबड करत नसत, काहीजण आवडीने बसत. धर्मपालची पत्रं येत. तो ती फोडायचा नाही. कपाटात उंदरापासून राखून वरच्या फळीवर ठेवायचा, पण फोडायचा नाही.

सदुसष्टच्या कापसाच्या हंगामात एक पत्र त्याच्या बायकोने, माणिकबाईने, फोडून त्याच्यासमोर ठेवलं. म्हणाली, घरात बंद पत्रं ठेवायले हे काई टपाल हापीस नाई. वाचायचं नसन तं चुलीत घालते. मग त्याने वाचलं.

धर्मपालने लिहिलं होतं की धांडे साहेबांना थांबा पुन्हा सिद्ध करायचा आहे. त्यांनी नवी बोंडं मागवली. मनकर्णा मावशी धाग्यासकट पाठवते, त्याच एका मोजणीने. मी मोजतो, आलेख काढून टेबलावर ठेवतो. रेघ सरळ येते. साहेब पाहतात, फाडतात आणि पुन्हा मोजा म्हणतात. आजवर चार वेळा फाडला. मला काढून टाकता येत नाही, कारण दुसऱ्या कोणाला सूक्ष्मदर्शक लावता येत नाही. पाचवा काढून राहिलो. आलेखाचा कागद संपत आला आहे, तो मागितला तर साहेब देत नाहीत.

श्रावणने पत्र दोनदा वाचलं. मग घरात काही न सांगता तो बाजारात गेला, शाळेला वस्तू पुरवणाऱ्या दुकानातून आलेखाच्या कागदाचे सहा ताव नव्हे, सहा डझन ताव घेतले, पुठ्ठा लावून सुतळीने घट्ट बांधले आणि टपालात टाकले. पत्ता मोठ्या अक्षरात लिहिला: धर्मपाल, बॅटरी खोली. आत चिठ्ठी घातली नाही. राग अजून होताच.